मायच्या यादीतला पहिला पिक्चर

आमच्या घरात पिक्चरला त्याच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. पोस्टरवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं काम माझं होतं. पण मी कितीही ठणठणीत आवाजात वाचलं तरी जळगावहून असोद्याला परत येईपर्यंत मायने त्याचं नवं बारसं केलेलं असायचं. एक विहिरीचा पिक्चर होता, एक रेल्वेफाटकाचा, एक मुक्या सुनेचा. विहिरीच्या पिक्चरमध्ये विहीर जेमतेम दोनदा दिसली होती, पण नायिका जिथे बसून रडली ती जागा मायच्या लक्षात राहिली, आणि पिक्चरला तेच नाव पडलं. मी इथे तीच नावं वापरणार आहे. खरी नावं मला आता आठवत नाहीत, आणि आठवली तरी ती मला परक्या माणसांची वाटतील.

धाब्याचं घर होतं आमचं. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे चूल आणि त्यामागे गोठा. सकाळी जाग यायची ती मळ्यातल्या इंजिनाच्या आवाजाने. फटफट फटफट असा तो आवाज एकदा सुरू झाला की दुपारपर्यंत थांबत नसे, आणि मध्येच बंद पडला तर सगळं गाव मुकं झाल्यासारखं वाटायचं. वडिलांना आम्ही आणि निम्मं गाव नाना म्हणायचं. नानांची केळी होती, थोडा कापूस होता. बोलणं कमी. पिक्चर त्यांनी आयुष्यात मोजून चार-पाच पाहिले असतील, पण त्यांना त्यातला एकच मान्य होता. त्यात एका गाण्यात पांढऱ्याशुभ्र बैलांची जोडी होती. त्या जोडीसाठी नाना तो दोनदा पाहून आले. नायकाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "त्या माणसाले कासरा धरता येत नही. बैल भले होते म्हणून गाडी चालली."

मायला मात्र पिक्चरचं वेड होतं. वर्षातून तीन, फार तर चार पाहायला मिळायचे, तेही बाजाराच्या निमित्ताने जळगावला गेलं की. पण ते तीन पिक्चर ती वर्षभर पुरवायची. शेंगा फोडायला किंवा मिरच्यांचे देठ काढायला बाया ओटीवर जमल्या की कोणीतरी म्हणायचं, "सांग व, त्या सुनेचा सांग." मग माय पदर खोचून बसायची आणि पहिल्या दृश्यापासून सुरुवात करायची. सासूचा आवाज वेगळा, सासऱ्याचा वेगळा. मुक्या सुनेच्या वेळी ती नुसतीच हातवारे करायची आणि बायांचे देठ काढणारे हात थांबायचे. मूळ पिक्चर अडीच तासांचा असेल तर मायचा साडेतीन तास चालायचा. त्या ओटीवर ऐकलेले कितीतरी पिक्चर मी पाहिलेले नाहीत, तरी आजही कोणी विषय काढला तर ते पाहिलेच आहेत असं मला वाटतं.

मायला अक्षरओळख नव्हती. तिची धाकटी बहीण इंदू, आमची मावशी, चौथीपर्यंत शिकलेली होती आणि धुळ्याला दिलेली होती. दोघींचं माहेर चोपड्याकडचं. त्यांची आई फार लवकर गेली, त्यामुळे इंदूमावशीची वेणी घालण्यापासून तिचं लग्न जमवण्यापर्यंत सगळं मायने केलं. मावशी तिला अक्का म्हणायची. मावशीच्या घरापासून थिएटर पाच मिनिटांच्या अंतरावर होतं. तिचे यजमान, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि स्वतः पिक्चरचे शौकीन. त्यामुळे मावशीचे महिन्याला दोन पिक्चर व्हायचे. धुळ्यात राहून तिच्या बोलण्यात अहिराणी मुरली होती. "बठ्ठं ठीक शे", म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिने लिहिलं की माय हसून म्हणायची, "पाह्य, माझी बहीण पुरी धुळ्याची झाली."

दर दिवाळीनंतर दोघी एकमेकींना आवडत्या दहा पिक्चरची यादी पाठवायच्या. ही पद्धत कोणी आणि कधी सुरू केली ते मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा ती चालूच होती. तिचे नियम पक्के होते. दहाच्या वर एकही नाही. क्रम लावायचा. नवीन पिक्चर आत आणायचा तर जुना एक बाहेर काढायचा, आणि जो काढला त्याचं कारण लिहायचं. हा शेवटचा नियम मावशीचा होता. ती म्हणायची, घरात एवढी वर्षं राहिलेल्या माणसाला काही न सांगता बाहेर काढतात का? दोघींच्या याद्या जुळायच्या नाहीत. मावशीने रेल्वेफाटकाचा पिक्चर नवव्यावर टाकला तर मायला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. ती भाकरी थापता थापता मावशीशी भांडायची, जणू मावशी चुलीपलीकडे बसलेली आहे. एक पिक्चर तेवढा दोन्ही याद्यांत दरवर्षी पहिला असायचा. तो कासाराचा.

कासाराचा पिक्चर दोघींनी तरुणपणी, चोपड्याकडच्या एका जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. एक कासार गावोगाव बांगड्या विकत फिरतो, खरं म्हणजे लहानपणी हरवलेल्या बहिणीला शोधत असतो. शेवटी एका बाईच्या हातात बांगडी चढवताना त्याला तिचं मनगट ओळखू येतं. एवढीच गोष्ट. मायकडून ती मी शंभरदा ऐकली असेल. शेवटचं मनगट ओळखायचं दृश्य ती माझा हात हातात घेऊन सांगायची, आणि दर वेळी तिचे डोळे भरायचे. त्या जत्रेबद्दल मात्र ती कधी जास्त बोलायची नाही.

मी पाचवीत गेल्यापासून मायची पत्रं मी लिहू लागले. आंतरदेशीय पत्र पाटावर ठेवायचं, माय सांगेल तसं लिहायचं, आणि शेवटी सगळं वाचून दाखवायचं. वाचून झालं की ती मान हलवायची आणि मगच मी पत्र चिकटवायची. या कामाचा मला अभिमान होता. गावातल्या दोन-तीन बाया त्यांची पत्रंही माझ्याकडून लिहून घ्यायच्या.

आठवीपासून मी जळगावच्या शाळेत जाऊ लागले. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारच्या एसटीने यायचं, डब्यात भाकरी आणि ठेचा. नववीत माझ्या बाकावर अंजली आली. तिचे वडील वकील होते. त्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं आणि सिनेमावरची मासिकं यायची. तिनेच वर्गात मागच्या पानावर याद्या करायचा खेळ आणला: प्रत्येकीने आपले आवडते पाच सिनेमे लिहायचे आणि वह्या बदलायच्या. पिक्चर म्हणायचं नाही, सिनेमा म्हणायचं, हेही तिनेच सांगितलं. मी मोठ्या उत्साहाने पहिल्या ओळीत कासाराचा लिहिला. अंजलीने तो वाचला आणि विचारलं, "हा कोणता गं?" मी गोष्ट सांगितली. मनगटापाशी आल्यावर ती हसायला लागली. वाईट हेतूने हसली नाही. तिला खरंच गंमत वाटली. "मनगटावरून बहीण ओळखली? असं कुठे असतं का शालू?" मग बाकीच्याही हसल्या. मी पण हसले. ते माझं हसणं मला आजही ऐकू येतं.

अंजलीच्या यादीत पहिला होता खिडकीचा सिनेमा. हे नाव माझं. खरं नाव लांबलचक होतं. त्यात एक म्हातारा खिडकीशी बसतो आणि रस्ता पाहतो. गाणं एकही नाही. तिचे वडील म्हणाले होते की सिनेमा म्हणजे काय ते हा पाहिल्यावर कळतं. मी तो पाहिला नव्हता. जळगावात तो आला होता की नाही तेही मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून मला विचारलं तर मी तोच सांगू लागले.

त्या वर्षी दिवाळीनंतर माय नेहमीसारखी पाटापाशी येऊन बसली. चुलीवर वरण शिजत होतं, बट्ट्या निखाऱ्यात भाजायला ठेवल्या होत्या. "लिही," ती म्हणाली. "पहिला, कासाराचा." माझ्या हातात पेन होतं. मला मावशीच्या घरातलं दृश्य दिसलं: पत्र उघडलंय, आबा शेजारी बसलेत, आणि पत्रावर माझं अक्षर आहे. माझ्या अक्षरात तो तंबूतला पिक्चर पहिल्या नंबरावर. मी पंधरा वर्षांची होते. मला वाटलं, ही यादी सुधारली पाहिजे. मायसाठीच.

मी पहिल्या ओळीत खिडकीचा सिनेमा लिहिला, त्याच्या पूर्ण लांबलचक नावाने. पुढचे नऊ मायने सांगितले तसेच. पण नियम होता. काढलेल्याचं कारण लिहायला हवं होतं. मी क्षणभर थांबले, माय चुलीकडे वळली होती, आणि मी लिहिलं: "कासाराचा पिक्चर काढला. आता आठवला तर हसू येतं. तेव्हा आपल्याला काही कळत नव्हतं."

"वाच बरं," माय म्हणाली. मी वाचलं. पहिला, कासाराचा. दुसरा, मुक्या सुनेचा. सगळं तिने सांगितल्याप्रमाणे, कागदावर नजर ठेवून, एकदाही न अडखळता. तिने मान हलवली. मी पत्र चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना पेटीत टाकलं.

मावशीची यादी आली नाही. माय आधी म्हणाली, पाहुणे आले असतील. मग म्हणाली, आबा दौऱ्यावर गेले असतील. संक्रांतीला तिने मला दुसरं पत्र लिहायला लावलं. त्यात यादी नव्हती, नुसती खुशाली विचारलेली होती, आणि ते मी अक्षरन् अक्षर तिने सांगितलं तसंच लिहिलं. उत्तर आलं चार ओळींचं, आबांच्या हातचं. सगळे मजेत आहोत. मायने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, "इंदूनं काहून नही लिहिलं?" मी म्हणाले, "कामात असेल." तिने पत्र घेतलं आणि देवाच्या कोनाड्यात ठेवलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. निंबाला, चिंचेला झोके बांधतात, आणि दोरांची करकर आणि गाणी असा एकच आवाज गावभर असतो. दोघी बहिणींना आई-वडील उरले नव्हते, म्हणून मावशीचं माहेर म्हणजे आमचंच घर. लग्न झाल्यापासून तिची एकही आखाजी चुकली नव्हती. त्या वर्षी मायने आठ दिवस आधी सांजोऱ्या केल्या, नानांकडून झोक्याचा दोर नवा आणवला, आंबे पिकत घातले. आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारची एसटी आली, माय फाट्यावर जाऊन उभी राहिली. संध्याकाळच्या एसटीलाही गेली. दोन्ही वेळा ती डोक्यावर पदर घेऊन सावकाश परत येताना मी ओटीवरून पाहिली. आखाजीच्या दिवशी तिने पुरणाच्या पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढल्या, झोक्यावर शेजारच्या लेकींना बसवलं. स्वतः नाही बसली. संध्याकाळी सांजोऱ्यांचा डबा काढला आणि शेजारी वाटायला मला दिला.

परवा माझ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, प्रत्येकाने आपले दहा आवडते सिनेमे लिहा. अर्ध्या तासात अकरा याद्या आल्या. कोणी कोणाच्या यादीवर हसणारी बाहुली टाकली, कोणी अंगठा दाखवला. कोणाला राग आला नाही. मी फोन हातात धरून बराच वेळ बसले. सून म्हणाली, "आई, तुम्ही पण लिहा ना, एवढा काय विचार करता?" तिला काय सांगणार. आवडीनिवडीच्या यादीने माणसाचं काय होऊ शकतं, हे मला पंधराव्या वर्षीच कळलं होतं.

आखाजीनंतर तीन दिवस मला जेवण गेलं नाही. मायला सांगायची हिंमत होईना. चौथ्या दिवशी मी नानांची न्याहारी घेऊन मळ्यात गेले. ते केळीची पिलं कापत होते. बुडाशी फुटलेले नको असलेले कोंब असतात ते. मी बांधावर बसले आणि त्यांच्या पाठीकडे पाहत सगळं सांगितलं. नानांनी काम थांबवलं नाही. एक झाड झालं, दुसरं झालं. मग विळा पुसून ते माझ्याजवळ आले, भाकरी सोडली, कांदा फोडला.

"मले काहून सांगते?" ते म्हणाले. "मी काय धुळ्याले राह्यतो?"

मी रडायला लागले. नाना शांतपणे जेवले. पाणी प्यायले. म्हणाले, "परवा इंजिनाचा सामान आणाले धुळ्याले जायचं हाये. चाल माझ्यासंगं. मायले सांगजो, मावशीले पाहून येते."

मायने माझ्याबरोबर लोणच्याची बरणी दिली. निरोप काही दिला नाही. फक्त निघताना म्हणाली, "ती बरी हाये का तेवढं पाह्य."

पाळधी, एरंडोल, पारोळा. मे महिन्यातलं ऊन, एसटीच्या पत्र्याचा खडखडाट आणि खिडकीतून येणारा गरम वारा. पारोळ्याला नानांनी मला उसाचा रस पाजला. स्वतः नाही प्यायले. धुळ्यात मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मला सोडलं आणि म्हणाले, "मी दुपारी येतो. तुझं तू बोल."

मावशी गच्चीवर बिबडे घालत होती. ज्वारीचे ते पातळ पापड ओल्या कापडावर थापून उन्हात टाकायचे असतात. तिने मला जिन्याशी पाहिलं आणि हात तसाच पिठात राहिला. मग म्हणाली, "एकटी?"

"नाना आलेत. दुपारी येतील."

"अक्का बरी शे ना?"

"हो."

"मग बस. सावलीत बस." ती पुन्हा बिबडे थापू लागली. मी सावलीत नाही बसले. तिच्यासमोर बसले, ओलं कापड धरलं, आणि ती थापेल तो बिबडा उचलून खाटेवर टाकू लागले. पाच-सहा बिबडे असेच झाले. मग मी सांगितलं. अंजली, खिडकीचा सिनेमा, वाचून दाखवताना मी काय केलं ते सगळं. सांगताना मी खाली पाहत होते, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. फक्त तिचे हात दिसत होते. ते थांबले नाहीत, पण बिबडे जाड होऊ लागले.

माझं संपल्यावर ती उठली, हात धुतले आणि खाली गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ते पत्र होतं. लुगड्यांच्या घडीत ठेवलेलं, म्हणून त्याला डांबराच्या गोळीचा वास येत होता.

"अक्षर तुझं आहे ते मला माहीत होतं," मावशी म्हणाली. "शब्द अक्काचे वाटले."

मग तिने जत्रेची गोष्ट सांगितली. ती मी कधीच ऐकली नव्हती. तिचं लग्न धुळ्याला ठरलं होतं आणि तिला जायचं नव्हतं. तिकडचे लोक वेगळं बोलतात, आपल्याला कोणी समजून घेणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिची समजूत काढायला माय तिला जत्रेला घेऊन गेली. तंबूत पिक्चर चालू असताना मावशी पूर्ण वेळ रडत होती. शेवटी कासाराने बहिणीचं मनगट ओळखलं तेव्हा मायने अंधारात मावशीचं मनगट धरलं आणि म्हणाली, तो तर पायी हिंडला, मला तर एसटीची मोटार आहे, तू बोलावलं की मी येईन.

"तेवढ्यावर मी लग्नाला उभी राहिले," मावशी म्हणाली. "मागच्या श्रावणात माझं ऑपरेशन झालं. मी कळवलं. अक्का आली नाही. तुमच्याकडे केळी रेल्वेच्या वाघिणींत भरायचे दिवस होते, मला ठाऊक होतं, मी मनाला लावून घेतलं नाही. मग दिवाळीला हे आलं. तेव्हा आपल्याला काही कळत नव्हतं." तिने ते वाक्य पत्रात न पाहता म्हटलं. "मला वाटलं, अक्का सांगते आहे की आता बोलावू नको."

मावशीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. पीठ धुतलेला, अजून ओला हात. रागावली नाही. तेवढ्यात खालून आबांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला, जेवायला आले होते ते. तो आवाज ऐकून ती जिन्याकडे पाहत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "यांना जळगावची बदली मिळत होती. फाल्गुनात विचारलं होतं साहेबांनी. मीच नको म्हटलं. म्हटलं, तिथे माझं कोण आहे?"

"आता मागता येणार नाही?"

"दुसरा माणूस गेला तिथे." ती उठली. "हे अक्काला सांगू नको. बाकीचं सांग. ते तूच सांगायचं, मी नाही सांगणार. पण हे नको."

असोदा ते जळगाव सहा किलोमीटर. दोघी बहिणी रोज भेटल्या असत्या. बाजाराला एकत्र गेल्या असत्या, पिक्चरही एकत्र पाहिले असते, आणि कोणाला यादी पाठवायची गरज उरली नसती. आबा पुढे धुळ्यातूनच निवृत्त झाले. मी मायला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता माय नाही, मावशी नाही, आबाही नाहीत. म्हणून इथे लिहिते आहे. कोणी म्हणेल, बदली काय, नंतर पुन्हा झालीच असती इकडे-तिकडे. मीही स्वतःला तसं सांगून पाहिलं आहे.

दुपारी नाना आले, इंजिनाचं सामान पोत्यात बांधून. मावशीने शेवभाजी केली होती. नानांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे एकेकदा पाहिलं आणि एक भाकरी जास्त घेतली.

मायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती. मावशीला सांगितलं त्यापेक्षा हे फार अवघड गेलं, कारण माय मध्ये एकदाही थांबली नाही आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी पत्रातलं ते वाक्यही सांगितलं. शेवटी तिने पीठ बाजूला सारलं.

"मंग त्या दिवशी तू वाचलं काय? मी म्हटलं, वाच. तू कागद पाहून वाचलं."

"तू सांगितलं होतं ते आठवून वाचलं."

मायने चुलीतलं लाकूड आत सारलं, पुन्हा बाहेर ओढलं. ती मारेल असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "जळगावात नवीन पाटी मिळते का?"

"मिळते."

"आण एक. आजपासून मले शिकव."

पुढे मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पण मायइतकी हट्टी विद्यार्थिनी मला मिळाली नाही. ग म भ न वगैरे क्रमाने शिकायला तिने साफ नकार दिला. तिला आधी 'इंदू' लिहायचं होतं. 'इ' तिने चार दिवस गिरवला. पाटी तिच्या हाताशी असायची, चुलीपाशी, गोठ्यात, शेंगा फोडताना. बाया हसल्या तर ती म्हणायची, "हसा, हसा," आणि गिरवत राहायची. ज्येष्ठात मावशी आठ दिवस राहायला आली. दोघी ओटीवर बसून काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण मी जवळ गेले की दोघी गप्प व्हायच्या. एकदा मावशी मायचा हात धरून पाटीवर 'क्ष' काढून दाखवत होती आणि माय म्हणत होती, "एवढं अवघड अक्षर कोणाच्या नावात असते व?" दोघी हसत होत्या. मी माजघराच्या दारात उभी राहून ऐकलं आणि आत गेले.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर माय आंतरदेशीय पत्र घेऊन पाटापाशी बसली. मी सवयीने पेन घेऊन शेजारी बसले, तर तिने पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "तू भाकरी पाह्य," म्हणाली. पत्र लिहायला तिला चार संध्याकाळी लागल्या. अधूनमधून ती विचारायची, "रेल्वेचा 'ल्वे' कसा?" किंवा "मुक्याचा 'क्या' सांग," आणि मी सांगितलं की पत्रावर हात आडवा धरून लिहायची. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "पत्ता तरी लिहून देऊ का? धुळ्याचा 'ळ'—"

"येतो मले ळ."

तिने पत्र तोंडाशी नेऊन ओलं केलं, चिकटवलं आणि बोटाने दाबत राहिली. मी विचारलं, "काय लिहिलंस?"

"तुले काय करायचं?" ती म्हणाली. रागाने नाही. चप्पल घातली, पदर घेतला आणि स्वतः पेटीत टाकायला गेली.

त्या यादीत पहिला कोण होता, कोणाला काढलं आणि त्याचं कारण काय दिलं, ते मला माहीत नाही. मी नंतर कधी विचारलं नाही, आणि मावशीनेही आपण होऊन सांगितलं नाही. नवव्या दिवशी पोस्टमनने मावशीचं उत्तर आणलं. त्याने सवयीने ते माझ्यासमोर धरलं. मायने मागून हात पुढे केला आणि ते घेतलं. दारातल्या उजेडात उभी राहून, एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत ती वाचत राहिली. अर्धा तास तरी लागला असेल. मध्ये दोनदा हसली.